परवाना फाडून हरीण वाचत नाही

भाचा पेनसिल्व्हेनियात असतो, ऑफिसातल्या मित्रांबरोबर शिकारीला जातो. परवा त्याने घरच्या ग्रुपवर तिकडे वर्षानुवर्षं फिरणारा एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं की यंदा तो मादी मारायचा परवाना काढून फाडून टाकणार, तेवढीच एक हरिणी वाचेल. मेसेज थोडक्यात असा: २००२ साली राज्याच्या गेम कमिशनने (शिकारीचे नियम ठरवणारं सरकारी खातं) शिंगांना ठराविक फाटे असतील तरच नर मारायचा अशी अट घातली आणि माद्यांचे परवाने भरमसाट वाटले. अट ट्रॉफीवाल्यांच्या, म्हणजे मोठी शिंगं भिंतीवर मिरवणाऱ्यांच्या हौसेसाठी, परवाने पैशांसाठी. एक मादी मारली की तीन हरणं मरतात (ती आणि पोटातली दोन), म्हणून हरणं संपली.

संपली म्हणजे काय? २०२३-२४ च्या एका हंगामात या राज्यात ४,३०,०१० हरणांची शिकार झाली. काही भागांत, विशेषतः उत्तरेकडच्या मोठ्या जंगलात, हरणं पूर्वीपेक्षा कमी दिसू लागली हे खरं आहे, ते मी मान्य करतो. पण कमी करायचीच होती, आणि कमिशनने ते लपवलंही नव्हतं.

आता ते ‘एक मादी म्हणजे तीन हरणं’. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. हरिणीला बहुतेक वेळा जुळी होतात, नोव्हेंबरअखेर बंदुकीचा हंगाम सुरू होतो तेव्हा बऱ्याच माद्या गाभण असतात, इथवर ठीक. पण कळपाची संख्या माद्यांवर ठरते. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे कितीही नर मारा, पुढच्या जूनला पाडसं जवळपास तेवढीच. म्हणून कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्याच माराव्या लागतात. हा प्रयोग पेनसिल्व्हेनियाने करून पाहिलाय: १९०७ मध्ये मादी मारायला बंदी आली, हरणं बेसुमार वाढली, जंगल खरवडून निघालं, हिवाळ्यात उपासमारीने मेली, आणि १९२८ मध्ये बिनशिंगी हरणांचा, म्हणजे मुख्यतः माद्यांचा, हंगाम उघडावा लागला. ज्याला जंगलाचं काय होतं ते पाहायचंय त्याने अमेरिकी वनखात्याचा दहा वर्षांचा कुंपणांचा प्रयोग वाचावा. राज्याच्या वायव्येला जंगलात कुंपणं घालून आत दर चौरस मैलाला साधारण १०, २०, ४० आणि ६४ या हिशेबाने हरणं ठेवली होती. हरणं जितकी जास्त, तितकी झाडांची विविधता कमी. कोवळी रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खुडली जातात आणि हरणांना न आवडणारं नेचं सगळी जमीन व्यापतं. त्या नेच्याखाली नवं झाड सहजी उगवत नाही. मग त्या जंगलात हरणांनी हिवाळ्यात खायचं काय?

बरं, फाडलेल्या परवान्याने काही साधतं का? नाही. साधारण चार परवान्यांमागे एक हरीण पडतं, हे धरूनच कमिशन प्रत्येक विभागाचा आकडा ठरवतं. परवाने फाडणारे वाढले तर ते प्रमाण घसरतं आणि पुढच्या वर्षी तेवढेच परवाने जास्त निघतात. शिवाय तो परवाना ज्याला घरच्या फ्रीझरसाठी मांस हवं होतं अशा कुणाला तरी मिळाला असता.

पैशांबद्दल फार बोलायलाच नको. राज्यातल्या रहिवाशाला हा परवाना सातेक डॉलरला पडतो.

२००२ च्या सुधारणा ज्यांनी पुढे रेटल्या ते जीवशास्त्रज्ञ गॅरी आल्ट. असल्याच अफवांमुळे त्यांना काही सभांना बुलेटप्रूफ जाकीट घालून जावं लागायचं. फॉरवर्ड करणाऱ्याने हे एकदा आठवावं.

राहिली शिंगांची अट. आधी तीन इंचांचं एक सुळकं असलं तरी नर मारता यायचा, आणि शिंगवाल्या नरांपैकी ८० टक्क्यांहून जास्त दरवर्षी मारले जात, बहुतेक दीड वर्षाचे. आता बऱ्याच भागांत एका बाजूला किमान तीन फाटे लागतात. त्यामुळे कोवळे नर वाचतात आणि मारल्या जाणाऱ्या नरांत निम्म्याहून जास्त अडीच वर्षांचे किंवा मोठे असतात. लहान वयाच्या शिकाऱ्यांना तर ही अट लागूच नाही, मग ट्रॉफीची हौस कुणाची? या अटीविरुद्ध खरा आक्षेप वेगळाच आहे. मिसिसिपीने १९९५ मध्ये चार फाट्यांची अट घातली, तेव्हा तरुण नरांतले चांगल्या शिंगांचे मारले गेले आणि बारीक शिंगांचे उरले. पुढे तिथे फाटे मोजणं सोडून शिंगांची रुंदी आणि लांबी मोजायला लागले. यावर वाद घालायचा असेल तर मी कधीही तयार आहे, पण मेसेजमध्ये याचा एक शब्दही नाही.