चार थेंब, १८० रुपये

मागच्या रविवारी माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या लेकीनं, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका नव्या कॅफेतल्या एस्प्रेसोचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. शेजारी बिल दिसत होतं, १८० रुपये. पाच मिनिटांत दादाचं उत्तर: "चार थेंब कडू पाण्याचे १८० रुपये? खरी एस्प्रेसो आम्ही लग्नात प्यायलोय. ग्लासभर, वर चॉकलेट पावडर." काकांनी अंगठा दाखवला. मामांनी लिहिलं, सगळी परदेशाची नक्कल. आणि मग कुणीतरी मला विचारलं, "ताई, तू सांग, तिकडे काय पितात?"

तिकडे. मी एकोणीस वर्षं इटलीतल्या त्रिएस्ते या बंदराच्या गावी राहते, आणि या शब्दानं अजूनही दुखतं.

दादा म्हणतो त्या लग्नांतल्या कॉफीला मी नाव ठेवत नाही. गंगापूर रोडच्या कार्यालयांत जेवणानंतर ते फुसफुसणारं मशीन सुरू झालं की आम्ही मुलं रांगेत उभी राहायचो. पण ते दूध होतं. इन्स्टंट पावडर आणि साखर घोटून वर वाफेनं फेसाळलेलं गरम दूध. गंमत म्हणजे ते अगदीच परकंही नव्हतं. मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं १९०१ साली पेटंट घेतलेलं यंत्र वाफेच्याच जोरावर चालायचं आणि त्यातली कॉफी करपट लागायची. १९४८ च्या सुमारास मिलानच्याच अकिले गाज्जियाची दांड्याची यंत्रं आली, दाब कितीतरी पट वाढला आणि कपावर तो तांबूस साय धरल्यासारखा थर दिसू लागला. आज ढोबळ हिशेब असा: सात ग्रॅम पूड, नऊ बारचा दाब, पंचवीस ते तीस सेकंद, कपात साधारण पंचवीस मिलिलीटर. चार थेंब आहेत, कारण ते चारच असायला हवेत.

भाचीचीही बाजू मी सगळी घेणार नाही. गेल्या डिसेंबरात त्याच रस्त्यावरच्या एका कॅफेत मी एस्प्रेसो मागितली. वेटर मुलगा हिंदीत म्हणाला, "मॅडम, वो बहुत कडवी होती है, छोटी होती है." मी मराठीत म्हटलं, ठाऊक आहे, आण. त्यानं पुन्हा हिंदीतच विचारलं, साथ में दूध दूँ? माझं सगळं शिक्षण या गावात झालं, सीबीएस स्टँडवरून शाळेची बस पकडत मी मोठी झाले, आणि माझ्या मराठीवर त्याचा विश्वास बसला नाही. कॉफी आली ती कागदी कपात, वर पांढुरका विरळ फेस, चव आंबट आणि पाणचट.

मशीन मात्र इटालियन होतं, माझ्या कोपऱ्यावरच्या कॉफी-बारमध्ये आहे त्याहून महाग. दादाला आणि भाचीला, दोघांनाही मला हेच सांगायचंय, की मशीनवर काही अवलंबून नाही. कुठल्याही गावात शिरले की मी आधी ग्राइंडर बघते. वरच्या भांड्यात बिया तेलकट होऊन काचेला चिकटल्या असतील तर चहा मागवते. दर कपासाठी तेवढीच पूड दळतात का, कप मशीनवर गरम ठेवलेत का, दांडा लावण्याआधी थोडं पाणी सोडून देतात का, दुधाची नळी पुसतात का, एवढं दिसलं की पुरे. पावसाळ्यात हवा दमट झाली की दळणही जाड-बारीक करावं लागतं. ते जमणारा माणूस हवा, आणि तो दोन दिवसांच्या प्रशिक्षणात तयार होत नाही. शिवाय नाशिकमध्ये दिवसाला तीन जण एस्प्रेसो मागत असतील तर बिया शिळ्या होणारच. आमच्याकडे दुपारपर्यंत ते भांडं दोनदा रिकामं होतं. मोटरवेवर पेट्रोल भरायला थांबलं तरी बरी एस्प्रेसो मिळते. कसारा घाट चढून इगतपुरीच्या आसपास थांबले तर मी मुकाट चहा घेते, आणि तो उत्तम असतो.

नक्कल म्हणणाऱ्या मामांसाठी आणखी एक. मी बंदरातल्या माल पाठवणाऱ्या कंपनीत काम करते. कर्नाटकातली रोबस्टा जातीची कॉफी आमच्या कागदांवरून जाते. भारताची कॉफी सगळ्यात जास्त विकत घेणारा देश इटलीच. कपावरचा जाड थर आणि तो दमदारपणा बऱ्याचदा रोबस्टाच देते. म्हणजे चिकमगळूरच्या बाजूची बी मंगळूरहून समुद्र ओलांडून इथे येते, भाजली जाते, आणि नाशिकमध्ये तिच्यावर परदेशी म्हणून शिक्का बसतो. ज्या नाशिकनं वीस-पंचवीस वर्षांत द्राक्षबागांमधून वाइनचा ग्लास हलवून वास घ्यायला शिकून घेतलं, त्यानं कडू कॉफीला ढोंग म्हणू नये.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर हेही लिहिलं, की इथे एस्प्रेसो श्रीमंतांची नाही. गोदीतला हमाल, वकील, शाळेचा शिपाई एकाच काउंटरला टेकून पितात, दीड युरोच्या आत. रुपयांत धरलं तर फार फरक नाही, पण ती इथल्या हमालाची जेमतेम दहा मिनिटांची मजुरी आहे. नाशिकच्या कॅफेत कप आणून ठेवणाऱ्या त्या पोराला तोच कप विकत घ्यायचा तर काही तास राबावं लागेल. तेव्हा तुम्हाला एसी आणि सोफे नकोत, उभ्यानं पिऊन दोन मिनिटांत कामाला लागायचं काउंटर हवं. आणि ते आपल्याकडे आहेच, टपरी. टपरीवरच चांगलं मशीन ठेवा. दादानं पहिल्यांदा माझ्या मेसेजला अंगठा दिला.

मग भाचीचा मेसेज आला. "आत्या, नाशिकमध्ये तू टपरीवर कधी उभी राहिली होतीस?"

मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

रविवारी सकाळी बाबा स्कूटरवर दादाला घेऊन भाजीला जायचे. परतताना रविवार कारंजाजवळ दोघं चहा घ्यायचे. दादा घरी येऊन सांगायचा, आज बाबांनी मला पूर्ण कप दिला. मी आणि आई पिशवीतली मेथी निवडत ऐकायचो. टपरीवर मुली उभ्या राहत नव्हत्या. कुणी मनाई केल्याचं मला आठवत नाही, कुणी विचारलंही नाही. दादाला लग्नातली एस्प्रेसो आणि टपरीचा चहा एवढा प्रिय का, हे मला त्या दिवशी कळलं. त्या चहात बाबा आहेत.

रस्त्याकडेच्या काउंटरला टेकून, एकटीनं, कुणाचीही नजर न झेलता मी पहिला कप प्यायले तो त्रिएस्तेत, चौतिसाव्या वर्षी. आता तिथला म्हातारा मला बघून न विचारता कापो इन बी, म्हणजे काचेच्या छोट्या ग्लासातली थोड्या फेसाळ दुधाची एस्प्रेसो, पुढे सरकवतो आणि इथल्या बोलीतच हवेबद्दल कुरकुर करतो. ज्या काउंटरबद्दल मी घरच्यांना शिकवत होते, ते मला माझ्या गावानं दिलेलं नव्हतंच. भाचीचे १८० रुपये कॉफीचे नाहीतच बहुधा. ते खुर्चीचे असतील, आणि तिथं कुणी तिला ऊठ म्हणत नाही त्याचे.

शेवटी मी लिहिलं, "नाही, कधीच नाही."

दादानं ते वाचलं, निळ्या खुणा दिसल्या. रात्री उशिरा त्यानं फक्त मला, ग्रुपवर नाही, लिहिलं: "ती टपरी अजून आहे. आता पोरगा चालवतो."