ओसरणं म्हणजे संपणं नव्हे

दादा, कमेंट मनापासून लिहिलीत म्हणून उत्तर पण जरा सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं असं की पंचगंगा 44 फुटांवर असताना मी 'पूर ओसरायला लागला' लिहिलं ते चुकीचं, धोका पातळीच 43 ची, मग ओसरला कुठं? आणि वर हा शब्द पुस्तकी, कोल्हापुरात आपण 'पाणी उतरलं' म्हणतो. मला दोन्ही पटत नाही.

ओसरणं म्हणजे जे चढलंय, पसरलंय ते मागं हटायला लागणं. प्राकृतातल्या 'ओसरइ' वरून आलाय, त्याचा अर्थच मागं सरणं. त्यामुळं पाणी 55 वरून 54 वर आलं तरी ओसरतंयच की, धोका टळला असं त्यात कुठंच येत नाही. ओसरतोय वेगळं आणि ओसरला वेगळं.

आता उतरणं. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघून आपण 'दोन इंचानं उतरलं' म्हणतो ते बरोबरच, कारण तिथं खाली-वर मोजायचंय. पण चिखली-आंबेवाडीच्या शिवारात नाहीतर सुतारवाड्यात शिरलेलं पाणी आडवं मागं जातं, आधी रस्ता मोकळा होतो मग हळूहळू उसाचे बुडखे दिसायला लागतात, त्याला ओसरणंच म्हणायचं. 2019 चा ऑगस्ट आठवा, पावसाचा जोर ओसरला तरी पाणी लवकर ओसरेना, कारण खाली नरसोबाच्या वाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णाच तुंबलेली, मग पंचगंगेचं पाणी जाणार कुठं, फुगवटा पार मागंपर्यंत. म्हणूनच इथं 'आटलं' पण चालत नाही बघा, विहीर आटते, दूध आटतं, ते जागच्या जागी कमी होतं. ओसरलेलं पाणी नदीत परत गेलेलं असतं.

आणि पुस्तकी कसला? नवरात्रात 'गर्दी ओसरू दे, मग जाऊया अंबाबाईला' हे घराघरात म्हणतातच की.

खरी चूक बघायची तर बातम्यांत बघा. 'रुग्णसंख्या ओसरली' लिहितात ते मला फार खटकतं, साथ ओसरते, संख्या घटते. दराचं पण तेच, दर उतरतो, घसरतो, पडतो, ओसरत नाही.