येऊ द्या, येऊ द्या… ठप्!

शुक्रवारी संध्याकाळी पेनसिल्व्हेनियातल्या एका कॅम्पग्राउंडवर २५ फुटी ट्रेलर रिव्हर्स घेऊन जागेवर लावायला मला ५० मिनिटं लागली. हा आकडा माझा नाही. अण्णामामांनी घड्याळ लावून काढलाय, आणि शनिवारी सकाळपर्यंत तो संगमनेरला पोचलाही होता. रविवारी साडूंचा फोन आला. "काय, पन्नास?" एवढंच विचारून हसत बसले.

मूळ प्रश्न साधा होता. मोटारहोम घ्यायचं की ट्रेलर? म्हणजे इंजिनासकट घर, की आपल्या पिकअप ट्रकमागे ओढायचं बिनइंजिनाचं घर? घेण्याआधी दोन्ही भाड्याने आणून बघू, असं ठरलं. मे महिन्यात मोटारहोम झालं, आता ट्रेलर. दोन्ही वेळा मामा बरोबर.

अण्णामामा म्हणजे हिचे सख्खे मामा. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले. पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, हे ते न्यू जर्सीच्या टोल नाक्यावरसुद्धा सांगू शकतात. माझी जागा रस्त्याच्या डाव्या हाताला आहे हे बघितल्याबरोबर त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नुसतं स्टेअरिंग धरा. मागचं माझ्याकडे."

इथेच सगळं संपलं होतं, पण मला ते पाऊण तासाने कळलं.

ट्रेलर मागे घेताना मदतनिसाने कुठे उभं राहायचं याचा एकच नियम आहे: ड्रायव्हरला आरशात दिसेल तिथे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, जागाही डावीकडे, म्हणजे डाव्या आरशात. मामा उभे राहिले ट्रेलरच्या बरोब्बर मागे, जिथून ते मलाच काय, कुठल्याही आरशाला दिसणं शक्य नव्हतं. खुणा देत होते एस.टी.च्या पद्धतीने, पत्र्यावर तळहात मारून. दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. पुढे ट्रकचं इंजिन सुरू, काचा बंद. मला ऐकू येत होतं ते एवढंच: "…ऊ द्या… ऊ द्या… ड्रायव्हर साईडला घ्या, ड्रायव्हर साईडला!"

मी डावीकडे घेतलं. मामांची ड्रायव्हर साईड उजवीकडे असते. पस्तीस वर्षं तिथेच होती, ती काय व्हिसा मिळाला म्हणून बदलेल?

शिवाय "डावीकडे घ्या" म्हणजे काय डावीकडे? स्टेअरिंग की ट्रेलरचं शेपूट? ट्रेलर उलटा वळतो. शेपूट डावीकडे पाठवायचं तर स्टेअरिंगचा माथा उजवीकडे फिरवावा लागतो. यावर जुना आणि अचूक उपाय म्हणजे हात स्टेअरिंगच्या वर न ठेवता खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी ठेवायचा. मग हात जिकडे सरकेल तिकडे शेपूट जातं. फार फिरवलंत तर ट्रक आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटायला लागतात. तसं झालं की पुढे घेऊन सरळ करायचं, मागेच रेटत बसायचं नाही. आणि दर काही फुटांनी उतरून बघायचं. लाज वाटली तरी उतरायचं. मी लाजेखातर उतरलो नाही.

ठप्. एकच थाप. ती मला ऐकू आली, पण ती मामांची नव्हती. ट्रेलरचा मागचा बंपर जागेच्या नंबराच्या खांबाला लागला होता. हा बंपर म्हणजे पोकळ चौकोनी नळी असते आणि सांडपाण्याचा लांब-आखूड होणारा पाईप त्यातच ठेवायची पद्धत आहे. टोकाचं झाकण उडालं आणि १५ फुटांचा चॉकलेटी पाईप हळूहळू बाहेर आला, अजगरासारखा. शेजारपाजारच्या घडीच्या खुर्च्यांवरून लोक बघत होते. मामांनी पाईप उचलून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना नमस्कार केला.

तेव्हा समोरच्या जागेवरून एक बाई उठून आल्या. सत्तरीच्या, पांढरे केस, काखेत छोटं कुत्रं. मला त्यांनी बघितलंसुद्धा नाही, सरळ मामांशी बोलायला गेल्या. मामांना इंग्रजी येत नाही, बाईंना मराठी येण्याचा प्रश्न नव्हता. पण एस.टी.चा सगळा शब्दसाठाच इंग्रजी आहे, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"फुल राईट?" बाई.

"नो नो. हाफ राईट, देन स्ट्रेट, देन फुल लेफ्ट," मामा.

"टाइट."

"टाइट नो. क्लिअरन्स ओके. बॅक साईड पोल, वॉच."

"गॉट इट."

बाईंनी कुत्रं मामांच्या हातात दिलं आणि ट्रकची किल्ली माझ्याकडे मागितली. बारा वर्षं या देशात इंग्रजी बोलून मला एवढं सरळ उत्तर कुणी कधी दिलेलं नाही. आधी त्यांनी ट्रेलर जागेच्या बराच पुढे नेला. मी हेच चुकलो होतो, वळायला जागाच ठेवली नव्हती. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून, एक हात स्टेअरिंगच्या तळाशी ठेवून मागे घेतला, एकदा पुढे केला, पुन्हा मागे. दोन खेपांत ट्रेलर जागेवर. उतरून त्यांनी कुत्रं परत घेतलं. चौकशीअंती कळलं की त्यांनी २८ वर्षं शाळेची बस चालवली होती.

"बघा," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई खात्यातल्या निघाल्या."

खात्याचा विषय तिथे थांबला नाही. ट्रेलरच्या टायरवर इंग्रजीत "एस टी २२५/७५ आर १५" असं लिहिलेलं त्यांना दिसलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "अहो, टायर पण आपलेच!" त्यांना कोण सांगणार की एस टी म्हणजे स्पेशल ट्रेलर. या टायरच्या बाजू कडक असतात, ट्रेलर डुलू नये म्हणून, त्यामुळे गाडीचे टायर इथे चालत नाहीत. यातल्या बऱ्याच टायरना ताशी ६५ मैलांच्या वर पळवायचं नसतं. आणि ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो. बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचायचे. आमच्या टायरवर २३१९ होतं, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी, कुठे गोटा नाही, आणि तरी पाच-सहा वर्षांनंतर असा टायर काढून टाकायचा असतो. भाड्याने देणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं. मामांनी कोड वाचून घेतला आणि म्हणाले, "डेपोत हा गेटबाहेर सोडला नसता." इथे मात्र मी गप्प बसलो, कारण ते बरोबर होते.

माझा खरा राग दुसऱ्यावर आहे. ट्रेलर विकणारा दुकानदार ट्रककडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "नऊ हजार पौंड ओढतो हा, काळजी सोडा." खोटं बोलत नाही तो, तेच तर दुखणं आहे. ओढायची ताकद असतेच. पण ट्रक ट्रेलरचं वजन नुसतं ओढत नाही, थोडं पाठीवर घेतो. हिचच्या, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीच्या, गोळ्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावाच लागतो. दहाच्या खाली गेला की मागचा ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. (हललाच तर ब्रेकवर पाय मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरचा दांडा हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे.) आणि हा भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे माणसं-सामान धरून ट्रकने अंगावर घ्यायच्या वजनातून, वजा होतो. पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर असतो. दुकानदाराचं बोट तिकडे कधी जात नाही.

आमच्या ट्रकच्या स्टिकरवर १,५२० पौंड. ट्रेलर कागदावर रिकामा ५,२०० चा, पण रिकामा ट्रेलर घेऊन कोण जातो? सामान, गॅसच्या दोन टाक्या, थोडं पाणी धरून ६,४००. ४० गॅलनची पाण्याची टाकी पूर्ण भरली तर पाण्याचेच ३३२ पौंड होतात, म्हणून ती भरून न्यायची नाही. ६,४०० चे १३ टक्के म्हणजे ८३२. वजन वाटून घेणारा हिच स्वतःच ८० पौंडांचा. झाले ९१२. उरले ६०८. आता माणसं: मी १८०, ही १४०, मुलगा १२०. मामांनी वजन किलोत सांगितलं, ७५, आणि मी गुणाकार करेपर्यंत ते बुटांसकट की बिनबुटांचं यावर अर्धा तास गेला. धरले १६५. बेरीज ६०५.

उरले ३ पौंड. त्यात मामांचा पानाचा डबा.

यावर मामांनी स्वतःहून मदत केली. ४० पौंडांचा तांदूळ आणि पाण्याच्या बाटल्यांचे चार खोके त्यांनी ट्रेलरच्या अगदी मागच्या बंकखाली नेऊन रचले. का, तर "डिकी मागे असते." मागे वजन टाकलं की गोळ्यावरचा भार कमी होतो आणि शेपूट हलतं. तेच सामान पुढे आणावं तर भार वाढतो आणि ते ३ पौंडही जातात. शेवटी तांदूळ ट्रेलरच्या चाकांच्या वर, मधोमध ठेवला आणि पाण्याचे खोके घरी. कॅम्पवर नळ होता. हे आधी सुचलं असतं तर माझी पाठ वाचली असती.

मग मोटारहोमच का नाही, असं ही विचारते. रिव्हर्सला सोपं, एका तुकड्यात वळतं. मे महिन्यात आणलं होतं ते क्लास सी, व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना. मामा खूश. "ही एस.टी.च आहे, फक्त कंडक्टर ठेवायला विसरलेत." मागे जनरेटर, त्यामुळे वाटेत थांबूनही एसी चालतो. जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि टाकी साधारण पाव उरली की आपोआप बंद पडतो, घरी पोचता यावं म्हणून. आणि गॅलनला आठ ते दहा मैल. पंपावर ५५ गॅलनची टाकी भरताना मामा आकड्याकडे बघत होते. काही बोलले नाहीत. पस्तीस वर्षांत डिझेलचा हिशेब बघितलेला माणूस गप्प बसतो तेव्हा जास्त लागतं.

पण मोटारहोमची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मामांना चहाला दूध हवं होतं, दुकान चार मैलांवर. आता घर हलवायचं. ब्रेकर बंद करा, मग वीज काढा. पाण्याचा नळ बंद, पाईप काढून निथळा. सांडपाण्याची आधी काळी टाकी (संडासाची) रिकामी, मग करडी (आंघोळ-भांड्यांची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुवून निघतो. (काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत डोंगर करून बसतं. पुढचं सांगत नाही.) स्लाइड (खोलीचा बाहेर सरकवलेला भाग) आत घ्या, छताची झडप खाली, फ्रीजला कडी, पायरी आत, कपाटं बंद. निघालो आणि पहिल्याच वळणावर ओव्हनमध्ये विसरलेली कढई बोलली. दूध आणलं, परत सगळं उलट क्रमाने. दीड तास. मामा म्हणाले, "एवढ्यात म्हैस पान्हावली असती."

यावर लोक मोटारहोमच्या मागे छोटी गाडी बांधतात. मग इंजिनं दोन, विमे दोन, आणि चारही चाकांवर ओढत आणलेली गाडी मागे असताना मोटारहोम रिव्हर्स घेता येत नाही, आधी ती सोडावी लागते. म्हणजे रिव्हर्सची कटकट मोटारहोम घेऊनही सुटली नाहीच.

आणि ग्लेशियर नॅशनल पार्क, ज्यासाठी हा सगळा घाट. तिथल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. २८ फुटी मोटारहोम घेऊन एवढ्या लांब मोंटानापर्यंत जायचं आणि घाट शटल बसमधून बघायचा? ट्रेलर असला की तो खाली कॅम्पवर सोडून ट्रक वर नेता येतो, आरसे मिटून. हे ऐकल्यावर हिलाही ट्रेलर पटला. तरी माझी एक अट राहिली: दुकानात ट्रेलर बघताना स्लाइड आत घेऊन बघायचा. भाड्याच्या ट्रेलरमध्ये स्लाइड आत असली की संडासाचं दार अर्धंच उघडायचं. हे वाटेतल्या रेस्ट एरियात कळलं. ज्यांना कळलं ते पंचाहत्तर किलोचे होते.

वीज मात्र त्यांनी एकट्याने घालवली. कॅम्पचं कनेक्शन ३० अँपिअरचं. एसी १३ खातो, गीझर विजेवर असला तर १२, आणि मामांनी चहा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, तो आणखी १३. अंधार. "लोडशेडिंग!" मामा आनंदाने ओरडले. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना घरच्यासारखं वाटलं. गीझर गॅसवर टाकला की प्रश्न मिटतो, पण ते सांगायला मी अंधारात बटण शोधत होतो.

काल मामांनी हार्डवेअरच्या दुकानातून चार शेंदरी कोन आणले. आज, रविवारी सकाळी ७ वाजता, बंद पडलेल्या एका मॉलच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, मित्राचा छोटा ट्रेलर मागून आणून सराव. मी शांतपणे समजावलं: मामा, अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे, तुम्ही मला डाव्या आरशात दिसायला हवेत, पत्रा वाजवायचा नाही, हाताने खूण करायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, कोन मांडले, "चला" म्हणाले.

मी काच खाली केली, हात स्टेअरिंगच्या तळाशी ठेवला आणि डाव्या आरशात बघितलं. मोकळं डांबर. मामा उजव्या आरशात उभे होते.