ट्रॅकर लावला की ४० टक्के जास्त वीज? छतावरचा हिशेब वेगळा निघतो

सध्या फिरणारा दावा असा: छतावर पक्की बसवलेली सोलर पॅनेल ४० टक्के वीज वाया घालवतात. त्याऐवजी सूर्यफुलासारखी सूर्यामागे फिरणारी, ट्रॅकरवरची पॅनेल बसवा. दोन वर्षांत पैसे वसूल, देखभाल काही लागत नाही. मोठे प्रकल्प काय उगाच ट्रॅकर लावतात? (जाता जाता: पूर्ण उमललेलं सूर्यफूल फिरत नाही, पूर्वेकडे तोंड करून उभं राहतं.)

‘४० टक्के जास्त वीज’

दोन अक्षांवर फिरणारा (पूर्व-पश्चिम वळणारा आणि वर-खालीही कलणारा) ट्रॅकर एखाद्या निरभ्र दिवशी तेवढं देईलही. पण बिल वर्षाचं येतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, आणि ढगाळ हवेत उजेड सगळ्या आभाळातून येतो. पॅनेल कुठे वळवायचं हा प्रश्नच उरत नाही. वर्षभराची वाढ एका अक्षावर (फक्त पूर्व-पश्चिम) साधारण १५ ते २० टक्के आणि दोन अक्षांवर २५ ते ३० टक्के धरावी, तीही जागा चारी बाजूंनी मोकळी असेल तर.

पक्क्या पॅनेलचं नुकसान वाटतं तेवढं नसतं. ऊन सरळ समोरून न येता २० अंश तिरपं आलं तर ६ टक्के घट, ३० अंशांनी १३ टक्के, ४५ अंशांनी २९ टक्के. पुण्यात दक्षिणेकडे १८ अंश कलवलेलं पॅनेल मेमधल्या शून्य सावलीच्या दिवशीसुद्धा, सूर्य बरोबर डोक्यावर असताना, भर दुपारी ५ टक्केच गमावतं. ट्रॅकरची खरी कमाई सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळेतली. शहरातल्या गच्चीवर नेमक्या त्याच वेळी शेजारची इमारत, पाण्याची टाकी नाहीतर जिन्याची खोली आडवी येते. सावलीकडे तोंड करून पॅनेल कितीही अचूक वळवलं तरी काय उपयोग?

‘दोन वर्षांत वसूल’

३ किलोवॉटची साधी सिस्टिम महाराष्ट्रात वर्षाला साधारण ४,३०० युनिट देते. त्यावर २५ टक्के म्हणजे १,०७५ युनिट. युनिट १० रुपयांनी धरलं तर वर्षाला १०,७५० रुपये. दोन वर्षांत वसूल व्हायचं तर खांब, पाया, बेअरिंग, मोटर, कंट्रोलर आणि मजुरी मिळून साध्या स्ट्रक्चरपेक्षा २१,५०० रुपयेच जास्त लागायला हवेत. कोटेशन मागवून पाहा.

त्यापेक्षा ५४० वॉटची सहा पॅनेल बसणार असतील तिथे आठ बसवा. एका फटक्यात ३३ टक्के वाढ, हलणारा भाग एकही नाही. मात्र ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसीत बदलणारं यंत्र) आठ पॅनेल घेईल का, हे त्याच्या डेटाशीटवरची कमाल डीसी क्षमता आणि व्होल्टेज पाहून ठरवा. झेपत नसेल तर पुढच्या क्षमतेचा घ्या. त्याआधी वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेला भार किती आहे तेही बघा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपयांवर थांबतं. पुढचा खर्च स्वतःचा, हे धरूनच तुलना करा.

‘मोठे प्रकल्प लावतात’

लावतात, कारण तिथे एका मोटरवर पॅनेलची लांबच लांब रांग फिरते, दोन रांगांत भरपूर अंतर असतं आणि देखभालीला माणसं नेमलेली असतात. गच्चीवर मोटर एक, पॅनेल सहा. शिवाय कललेल्या पॅनेलची सावली मागच्यावर पडू नये म्हणून मोकळी जागा सोडावी लागते. तीच जागा आणखी दोन पॅनेलना पुरली असती.

‘देखभाल काही लागत नाही’

दाव्यातला सगळ्यात महागात पडणारा भाग हा. आधी वारा. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्यात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो. ५४० वॉटचं एक पॅनेल जवळपास २.६ चौरस मीटरचं, म्हणजे वारा समोरून आला तर एका पॅनेलवर ३०० किलोंचा रेटा, तोही आकार-उंचीचे गुणक लावण्याआधी. पक्क्या स्ट्रक्चरमध्ये हा भार अनेक पायांत वाटला जातो. एका खांबाच्या ट्रॅकरमध्ये सगळा एका पायथ्याशी येतो आणि तिथलं वॉटरप्रूफिंग आधी जातं. वादळात पॅनेल आडवी करून ठेवायची सोय असते खरी, पण वादळात वीजही जाते. कंट्रोलरला बॅटरी नसेल तर पॅनेल आहे तिथेच अडकतं.

मग वायर. पक्क्या पॅनेलची डीसी केबल एकदा बांधली की हलत नाही. ट्रॅकरची रोज वाकते आणि सरळ होते. लूप अपुरा सोडला असेल तर पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरवर ताण येतो. जास्त सोडला तर इन्सुलेशन लोखंडाच्या कडेला घासतं. उन्हाळाभर कळत नाही. पहिल्या पावसात ओल लागते आणि इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ (वीज जमिनीकडे गळतेय) दाखवून बंद पडतो. कोकणात खारी हवा बेअरिंग खाते. लाइट सेन्सरवर धूळ किंवा कबुतराची विष्ठा पडली की पॅनेल भलतीकडेच वळतं. संध्याकाळी पश्चिमेला अडकलेलं पॅनेल दुसऱ्या दिवशीची सकाळ घालवतं, म्हणजे साध्या पॅनेलपेक्षाही कमी वीज.

ट्रॅकरच्या विरोधकांचं एक म्हणणं मात्र तितकंच चुकीचं आहे: मोटरच सगळी वीज खाते. ती दिवसातून मोजकी मिनिटं चालते. तिचा खर्च नगण्य.

विक्रेता ‘इन्व्हर्टरमध्येच ट्रॅकर आहे’ म्हणाला तर तो एमपीपीटी. तो पॅनेलमधून जास्तीत जास्त वॉट काढण्यासाठी व्होल्टेज जुळवतो. पॅनेल जागचं हलत नाही. प्रत्येक ग्रिड-टाय (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेल्या) इन्व्हर्टरमध्ये तो असतोच, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

फिरवणं जिथे खरंच कामाचं आहे ती जागा म्हणजे शेतातला सौरपंप. पंपाला पाणी ओढायला किमान ताकद लागते, ती सकाळी लवकर मिळाली तर पाण्याचे तास वाढतात. तिथे हाताने, दिवसातून तीनदा फिरवायचं स्ट्रक्चर पुरतं: सकाळी पूर्वेला, दुपारी मध्ये, मग पश्चिमेला. जागा मोकळी, माणूस शेतातच, मोटर नाही.