पावणेदोनशे फेऱ्यांचं गाणं

ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचं 'रन टू द हिल्स' हे चार मिनिटांच्या आत आटोपणारं गाणं. फेब्रुवारी १९८२ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ते सात इंची रेकॉर्डवर काढलं, क्रमांक ईएमआय ५२६३, आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सातव्या जागेपर्यंत चढलं. फोनवर ते बोट लावताच लागतं. रेकॉर्डवर ऐकायचं तर मी पाऊण तास बाजूला काढतो. सत्यनारायणाला याहून थोडा जास्त लागतो, पण तिथे निदान शिरा मिळतो.

पहिला घाट खरेदीचा. जुन्या रेकॉर्डच्या विक्रेत्यांची भाषा ही वधू-वर सूचक जाहिरातींची सख्खी बहीण. 'गुड' म्हणजे वाईट. 'व्हेरी गुड' म्हणजे वाजेल, पण शेजारी कुणीतरी मोहरी फोडतंय असं वाटत राहील. ऐकण्याजोगा माल 'व्हीजी प्लस'पासून सुरू होतो. 'मिंट', म्हणजे नवीकोरी, हा शब्द मी पुदिन्यापुरताच खरा मानतो. आणि 'डिंक्ड' असं लिहिलेलं दिसलं तर बाळंतिणीचे लाडू डोळ्यांपुढे आणू नका. ज्यूकबॉक्ससाठी मधलं भोक कापून मोठं केलंय, एवढाच त्याचा अर्थ. अशी रेकॉर्ड मधली चकती बसवल्याशिवाय टर्नटेबलवर लावली, तर गायक झोके घेत गातो.

फोटो मागवताना समोरून काढलेला मागवू नका. समोरून सगळ्याच रेकॉर्ड कुलीन दिसतात. दिव्याचा उजेड तिरपा पाडून काढलेला मागवा. हातात आल्यावर ओरखड्यावरून नख अलगद फिरवा. नख अडकलं की पिनही अडखळणार. मिनिटाला ४५ फेरे म्हणजे आडव्या ओरखड्याचा 'टक्' दर सव्वा-दीड सेकंदाने येणार. बँडच्या ड्रमर क्लाइव्ह बरने ढोलाची इतकी देखणी सुरुवात करून द्यावी आणि त्यात हा दुसरा वादक, आपल्याच लयीत, न बोलावता बसलेला!

मग येतो भिंगाचा कार्यक्रम. लेबलाच्या कडेला जो गुळगुळीत पट्टा असतो, तिथे आकडे आणि अक्षरं कोरलेली असतात. ईएमआयच्या हेज गावच्या कारखान्यात रेकॉर्ड ज्या धातूच्या साच्याने दाबून काढत, त्या ठशांची जुनी सांकेतिक पद्धत होती. कंपनीच्या जुन्या नावातली जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य. म्हणजे 'जी' दिसलं तर पहिला ठसा, 'आरएच' दिसलं तर सत्ताविसावा, रक्तगट नव्हे. ठसा जितका आधीचा तितका संग्राहकाचा चेहरा उजळतो. कानाला फरक कळतो का, हे अशा माणसाला विचारू नये. घरातलं वातावरण बिघडतं.

याच गाण्याची पिक्चर डिस्क, म्हणजे अंगावर चित्र असलेली रेकॉर्डही आहे, ईएमआयपी ५२६३. दिसायला झकास, ऐकायला मात्र मागे बारीक पाऊस. चित्राचा कागद मध्ये आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा पातळ थर, आवाजाच्या रेघा त्या थरात. काळ्या रेकॉर्डइतकी शांतता तिथे मिळत नाही. ऐकायचं असेल तर काळीच घ्या. शिवाय काळीबरोबर डेरेक रिग्जने रंगवलेलं, सैतानाशी झुंजणाऱ्या एडीचं, म्हणजे बँडच्या मानचिन्ह असलेल्या भुताचं, कागदी कव्हर येतं. खरी गोम पिक्चर डिस्कच्या पिशवीत आहे. जुनी पिशवी मऊ पीव्हीसीची असेल तर तिच्यातलं रसायन वर्षानुवर्षं झिरपून रेकॉर्डवर दुधाळ साय धरते, आणि ती सहसा पुसून जात नाही. म्हणजे जी पिशवी मूळची म्हणून आपण चार पैसे जास्त मोजले, तीच रेकॉर्ड खाते. पिशवी वेगळी जपा, रेकॉर्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवा. आडव्या थप्प्या लावू नका, उभ्याच ठेवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी हवीच. निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर एडीच्या केसांआधी कव्हरवर बुरशी वाढेल.

धुणं सोपं आहे, म्हणूनच लोक त्यात फसतात. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार रेघांत बसतात. चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचा जेमतेम एक थेंब. मऊ कापडाने रेघांच्या दिशेने गोल पुसायचं. आडवं पुसलं तर घाण रेघा ओलांडत ओरखडे पाडते. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने एक हात. लेबलाला थेंबही लागू द्यायचा नाही. आणि हे मिश्रण आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना लावायचं नाही, अल्कोहोलने लाख विरघळते.

आता वाजवायचं. आधी ब्रशने धूळ झाडायची. पिनचा भार कार्ट्रिजवाल्याने (कार्ट्रिज म्हणजे पिन बसवलेली डबी) सांगितलाय तेवढाच, बहुधा दीड-दोन ग्रॅम. 'हलका ठेवला तर कमी झिजेल' हा हिशेब उलटा पडतो. हलकी पिन रेघेत उड्या मारते आणि जास्त नासधूस करते. वेग ४५ वर आहे ना, बघा. ३३ वर राहिला तर ब्रूस डिकिन्सनचा आवाज सुमारे पाच अर्धस्वर खाली येतो आणि बास गिटारवाल्या स्टीव्ह हॅरिसच्या बोटांवर दौडणारा घोडा टांग्याला जुंपल्यासारखा चालतो. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात हेच गाणं हजारोंनी धुळीत उभं राहून ऐकलं. तिथली धूळ कुणी कार्बन फायबरच्या ब्रशने झाडली नव्हती. (गोऱ्यांच्या आक्रमणापुढे मूळ रहिवाशांनी डोंगर गाठायचे, ही गाण्यातली कल्पना सह्याद्रीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.)

पिन टेकते, बारीक चुरचुर होते, ढोल सुरू होतो. आपण खुर्चीत टेकतो, पाठीला उशी घेतो, चहाचा कप उचलतो. पावणेदोनशेच्या आसपास फेरे होतात आणि गाणं संपतं. चहा अजून गरमच असतो. मागच्या बाजूला 'टोटल एक्लिप्स' आहे. मूळ अल्बमात ते नव्हतं, म्हणून तर ही रेकॉर्ड घेतली. कप खाली ठेवायचा, उठायचं, आणि पुन्हा ब्रशपासून सुरुवात.