काळा कोट कुणीही शिवून घेतो

आज सकाळी शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर केनियातल्या बोगस वकिलाची 2023 सालची बातमी पुन्हा फिरत आली. सनद नसताना गड्याने म्हणे 26 खटले जिंकले! त्याखाली आमच्याच मंडळींचे शेरे होते : ‘याला सन्मानाने सनद द्या’, ‘पदवीवाले तरी कोणते दिवे लावतात?’ तो 26चा आकडा कुणी न्यायालयाच्या दप्तरातून काढून दाखवल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही, पण आकड्याचे सोडा. बोगस वकिलांबद्दल बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलीची सनद देणाऱ्या संस्थेकडे, येणाऱ्या तक्रारींची छाननी करणे हे माझे काम आहे, हे त्या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे. तरीही त्या खटल्यांतल्या पक्षकारांचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही, याचा मला संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

माझ्यासमोर एक पक्षकार आहे. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. गाव आणि तालुका मुद्दाम लिहीत नाही. पुतण्याने जमिनीच्या वाटपाचा दावा लावला, समन्स आले, आणि कोर्टाच्या आवारात स्टॅम्पविक्रेत्याशेजारी टेबल टाकून बसलेल्या एका काळ्या कोटातल्या गृहस्थाने त्यांचे वकीलपत्र घेतले. दर तारखेला आजी एस.टी.ने येत, तो त्यांना बाकावर बसवून चहा पाजत असे आणि पुढची तारीख कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून देत असे. ते चिठोरे आजींनी एकही न टाकता पिशवीत जपून ठेवले होते. आम्ही ते न्यायालयाच्या रोजनाम्याशी, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीशी, ताडून पाहिले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच तारखांना दावा बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, नव्हताच. ज्या तारखा खऱ्या होत्या, त्या दिवशी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दाखल झाली नाही म्हणून आधी ‘नो डब्ल्यूएस’चा (लेखी उत्तर आले नाही असा) आदेश झाला आणि पुढे हुकूमनामा, म्हणजे निकाल, झाला. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची 30 दिवसांची मुदत संपून गेली, तरी आजी चहा पिऊन, चिठोरे घेऊन परत जातच होत्या.

वकीलपत्रावर घातलेला सनद क्रमांक खरा होता. तो एका दिवंगत वकिलांचा होता. ज्या वर्षी ती सनद दिली गेली, त्या वर्षी हा गृहस्थ जन्मालाही आलेला नव्हता. वकीलपत्रावर लावावे लागणारे वकिलांच्या वेल्फेअर फंडाचे तिकीटसुद्धा नव्हते. कारकुनाने ते स्वीकारले, समोरच्या वकिलाने त्यावर नजर टाकली नाही, आणि पुकारा झाला की हा माणूस उठून ‘मुदत मिळावी’ म्हणत राहिला.

आता कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण ‘मग तुम्ही लोक काय करता?’ हा प्रश्न आज मला दोनदा विचारला गेला. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 45 प्रमाणे, अधिकार नसताना वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सहा महिने! म्हणजे गुन्हा अदखलपात्र, आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमे लागली तरच प्रकरण हलते, आणि ती लागावीत म्हणून कागद जमवत बसावे लागते : वकीलपत्राची नक्कल, रोजनाम्याची नक्कल, पैसे दिल्याचा काहीतरी पुरावा. बार कौन्सिलची शिस्तपालन समिती कलम 35 खाली सनद निलंबित करू शकते, नाव वकिलांच्या पटावरून काढू शकते. पण ज्याचे नाव पटावर कधी नव्हतेच, त्याचे ती काय करणार? खऱ्या वकिलाला आम्ही जाब विचारू शकतो आणि खोट्यासाठी आम्हाला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे सांगताना माझी मलाच लाज वाटते.

बनावट पदवीवर सनद मिळवणाऱ्यांचा प्रकार वेगळा. त्याची लागण कुठवर असते हे सांगायला नको. 2015 साली दिल्लीच्या तेव्हा पदावर असलेल्या कायदामंत्र्यांना याच आरोपावरून अटक झाली होती. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीसाठी समिती नेमली आणि विद्यापीठांनी पदव्या तपासून देण्याचे शुल्क घेऊ नये असे बजावले, म्हणून ते काम थोडे तरी पुढे सरकते.

सनदवाले वकीलही पक्षकाराला बुडवतात, हे मला मान्य आहे. त्या तक्रारींचे ढीग मी रोज पाहतो. कामगार न्यायालयात युनियनचा पदाधिकारी बाजू मांडू शकतो, ग्राहक आयोगापुढे वकीलच हवा असे नाही, आणि त्यांतली काही माणसे उत्तम काम करतात, हेही खरे. पण ती माणसे दुसऱ्याचा सनद क्रमांक लावून उभी राहत नाहीत.

‘गरिबाला वकील परवडत नाही, म्हणून असले लोक लागतात’ असे एका मित्राने लिहिले आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय त्याच आवारात, त्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर होते. आजींना हे कुणी सांगितले नाही, आणि पाटी वाचता येण्याइतके अक्षर त्यांना येत नव्हते.

चौकशीच्या वेळी आजींनी त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. ‘वकीलसाहेब स्वभावाने चांगले होते,’ असे त्या सांगत राहिल्या, आणि मग त्यांनी मला विचारले, ‘आता माझी तारीख कोण घेणार?’ तोवर त्या जमिनीचे वाटप कागदावर होऊन गेले होते. आता विधी सेवेतून नेमलेल्या एका तरुण वकीलताईंनी विलंबमाफीचा अर्ज केला आहे आणि समोरून हरकत आली आहे की उशीर पक्षकाराच्याच निष्काळजीपणामुळे झाला. एस.टी.च्या एका फेरीला न चुकलेल्या बाईच्या निष्काळजीपणामुळे!

आणि ज्यासाठी खरे तर मी हे लिहायला बसलो, ते आता लिहितो. त्या प्रकरणातल्या मुदतीच्या दोन अर्जांवर एका हयात, सनदधारक, बार रूममध्ये मान असलेल्या वकिलाची सही आहे. ‘पोरगा गरजू होता, बसू दिला, दोन सह्या दिल्या,’ असे त्यांचे म्हणणे आहे. बोगस माणूस कोर्टात वर्षानुवर्षे टिकतो तो असल्या उसन्या सह्यांवर. त्याच्यापर्यंत आमचे हात सहज पोहोचत नाहीत. सही देणाऱ्यापर्यंत मात्र कलम 35 नीट पोहोचते, आणि या वेळी ते पोहोचले आहे. त्यांना ओळखणारे तिघे-चौघे माझ्या मित्रयादीत आहेत. त्यांनी रदबदलीसाठी मला फोन करू नये. परवा ज्यांनी केला, त्यांनी तर अजिबात करू नये.