मस्कतमधले पहिले चार महिने

ओमानच्या राजधानीत, मस्कतला येऊन चार महिने झाले. नाशिकहून निघताना जो तो विचारत होता, "सोनं स्वस्त असेल ना गं तिकडे?" आता फोनवर विचारतात, "काय, मजा आहे ना?" मजा आहे, खोटं कशाला बोलू? पण तेवढंच सांगून फोन ठेवला की मन खातं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आम्ही मेच्या शेवटी आलो. पहिल्या दिवशी भाजी धुवायला गार पाण्याचा नळ उघडला आणि हात भाजला. टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात तापतात. शेजारच्या काकूंनी युक्ती सांगितली: उन्हाळाभर गीझर बंद ठेवायचा. तो घरात, एसीच्या गारव्यात असतो, त्यामुळे त्यात साठलेलं पाणी निवतं. म्हणजे गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा! माझ्या मुलाला याचं अजून नवल वाटतं.

शहर मला आवडलं. दुबईसारखे उंच मनोरे इथे नाहीत. पांढरी, बुटकी घरं, मागे उघडे काळे डोंगर आणि मत्राह या जुन्या बंदराच्या भागात समुद्र. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. दुपारी एकच्या सुमारास छोटी दुकानं बंद होतात ती चारनंतर उघडतात. रस्ता ओलांडायला नुसतं उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. टॅक्सी चालवायची मुभा फक्त ओमानी लोकांना आहे, त्यामुळे इथल्या माणसांशी माझ्या पहिल्या गप्पा टॅक्सीतच झाल्या, त्याही हिंदीत. एका वयस्कर चालकाने सांगितलं की त्याच्या लहानपणी बाजारात रुपये चालायचे. खरंच आहे ते. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळे रुपये काढले होते आणि ओमानमध्ये ते १९७० पर्यंत चालले. आता रियाल आहे, एका रियालचे हजार बैसा. बैसा म्हणजे आपला पैसाच. हे ऐकल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पण एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यापासून टोचतेय. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफी शॉप आहेत, बहुतेक केरळी मंडळींची. लोक गाडी समोर लावतात आणि हॉर्न वाजवतात. आतला मुलगा पळत येतो, काचेतून ऑर्डर घेतो, पुन्हा पळत जाऊन करक चहा, म्हणजे आपला कडक दुधाचा चहा, आणून देतो. जूनमध्ये, ४५ डिग्रीत! एरवी या शहरात हॉर्न क्वचितच ऐकू येतो, मग चहासाठी माणसाला हॉर्न मारून का बोलवायचं? आम्ही उतरून आत जातो. काकू म्हणाल्या, "होईल तुम्हालाही सवय." मला ही सवय नकोच आहे.

जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. नियम चांगला आहे, हवाच. त्या वेळात आमच्या समोरच्या इमारतीचे मजूर तळमजल्याच्या सावलीत पुठ्ठे अंथरून, तोंडावर रुमाल टाकून झोपायचे. साडेतीनला उठून परत वर. ऊन तेव्हाही खाली आलेलं नसायचं. मी हे एसीत बसून, खिडकीतून बघत होते, हेही लिहायला हवं.

मस्कतच्याच रुवी भागात एक शिंपीभाऊ आहेत, कोकणातल्या खेड तालुक्यातले. मी ब्लाउज टाकायला गेले, माझं मराठी ऐकून त्यांनी मशीन थांबवलं. "ताई, कुठल्या तुम्ही?" सतरा वर्षं झाली त्यांना इथे. एका खोलीत सहा जण, प्रत्येकाच्या पलंगाला पडदा. बायको-मुलीला इथे ठेवायचं तर घरभाडं आणि शाळेची फी, पगारात बसत नाही. दोन वर्षांनी एकदा दोन महिने रजा मिळते. मुलगी आता बारावीला आहे. माप घेण्याची टेप बोटाला गुंडाळत म्हणाले, "हिशेब केला ताई. ती जन्मल्यापासून सगळं मिळून दीड वर्षसुद्धा मी तिच्याजवळ नव्हतो."

कोकणात अशी घरं गावोगाव आहेत. आपण रस्त्यावरून जाताना "दुबईवाल्याचा बंगला" म्हणून बोट दाखवतो. मीही दाखवलंय. त्या बंगल्यात तो माणूस किती रात्री झोपलाय, हे मी कधी विचारलं नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळींना माझं मनापासून सांगणं आहे. आपण कुटुंबासह राहतो, सणवार करतो, पंगती उठवतो. त्यात हेही लोक हवेत. नुसतं "या कधीतरी" म्हणून ते येणार नाहीत. त्यांना गाडी नसते आणि संकोच असतो. वार ठरवून, न्यायला जाऊन आणायला हवं.

येत्या शुक्रवारी शिंपीभाऊ आणि त्यांच्या खोलीतले पाचही जण आमच्याकडे जेवायला येतायत. दुपारच्या नमाजनंतर हे त्यांना आणायला जातील, गाडीच्या दोन खेपा कराव्या लागतील. बेत तांदळाच्या भाकरी, सोलकढी आणि अळूवडीचा आहे. आमसुलं मी येताना आणली होती, नारळ मिळालाय. रुवी किंवा मत्राहच्या बाजारात अळूची पानं कुठे मिळतील, कुणाला माहीत असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.